पाचवीचं जेवण

बत्तीस कागद वर्गात वाटले आणि एकतीस परत आले. ही गोष्ट मी तेरा वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. कॉलेजच्या चौकशी समितीपुढे सांगितली नाही, सरकारी वकिलांना नाही, बायकोला नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, तिला तर नाहीच.

मी साक्षीपुराव्याचा कायदा शिकवत असे. आमचं कॉलेज सकाळचं, सात ते दहा. तहसिलीतले कारकून, शाळामास्तर, जिनिंगमधले मुनीम डबा घेऊनच वर्गात बसत आणि दहाचा टोल पडला की आपापल्या कामावर पळत. इमारत भाड्याची. खाली खताचं गोदाम होतं, त्यामुळे पावसाळ्यात फौजदारी संहितेच्या पानांनाही युरियाचा वास लागे.

मी तिथवर पोचलो तो कुणाच्या चिठ्ठीवर नाही. वडील गंगाखेडच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव बोलतात आणि भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव कुणाला कळत नाही. वडील मला म्हणायचे, रुमालाकडं बघू नको, तोंडाकडं बघ. दहा वर्षांचा होईतो मी तोंडावरून भाव सांगू लागलो होतो. पुढे शिक्षण, नोकरी, तासांच्या वेळा, बायकोची बदली, सगळं मी घासाघीस करून मिळवलं. आणि जे घासाघीस करूनही मिळालं नाही, ते मी विसरलेलो नाही.

विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्याकडं गावोगाव दलितवस्त्या पेटल्या. पुढं खटले उभे राहिले आणि आरोपी सुटू लागले. ते नेमके कोणत्या पायरीवर सुटतात, फिर्यादीत, पंचनाम्यात, जबाबात की कोर्टात, हे शोधायचं मी ठरवलं. सकाळी मी मुलांना मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार शिकवायचो. आपल्या देशानं तो नुकताच मान्य केला होता. ज्याचा हक्क मोडला त्याला परिणामकारक दाद मिळाली पाहिजे, असं त्यात आहे. दुपारी एसटीनं गावं पालथी घालून दाद कुठं अडते ते बघायचो. आमच्या जातीची घरं कुठल्याही गावात दोनचारच. त्यामुळे गावातही मला पाणी मिळे, वस्तीतही मिळे, आणि दोन्हीकडं मी दिसलो की बोलणं थांबे.

ते गाव पूर्णेच्या काठचं. जिंतूरला एसटी बदलावी लागायची. बौद्धवस्तीत वीस घरं होती, एकोणीस जळाली. विसावं राहिलं, ते सुईणीचं. धर्मांतरानंतर वस्तीनं गावकीची सगळी कामं टाकली होती, पण तिनं सुईणपण टाकलं नव्हतं. तिचं म्हणणं, हे काम गावानं दिलेलं नाही, हाताला आलेलं आहे. वस्तीतली आणि गावातली दोन पिढ्यांची लेकरं तिच्या हातावर आली होती. जळिताच्या दिवशी ती वस्तीत नव्हती, म्हणून पोलिसांनी तिचा जबाब घेतला नाही. आणि तिचं घर तेवढं उभं राहिलं, म्हणून वस्तीतलं कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं.

मला तिच्याकडं नेलं तिच्या भाच्यानं. हा माझा जुना विद्यार्थी, कायदा पास झालेला, पण येलदरीला पाटबंधारे खात्यात कारकुनी करणारा. तिच्या भावाचं लेकरू. तो म्हणाला, आत्याच्या मनात काहीतरी आहे, मला सांगत नाही, तुम्ही बघा.

दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिनं चहा दिला आणि पावसापाण्याचं बोलली. तिसऱ्यांदा मी सरळ सौद्यावर आलो. म्हणालो, मावशी, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, मला काय पाहिजे ते मी सांगतो. ती हसली.

"बैल इकायलाव का, भाऊ?"

"बैल नाही. पण फुकटही मागत नाही."

तिनं हाताचे तळवे पदराला पुसले. मग तिनं जे सांगितलं ते मी त्याच दिवशी जिंतूरच्या स्टँडवर वहीत उतरवलं.

त्या दिवशी मोठ्या घरी पाचवी होती. मोठं घर म्हणजे गावच्या मालकांचं. धाकट्या सुनेचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं होतं. दुपारपासून ही आतल्या खोलीत बाळंतिणीला शेक देत होती. संध्याकाळी पूजा व्हायची होती. पाट्याजवळ सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडून झाली होती. सुईणीचं ताट मागच्या पडवीत वाढलं होतं. खोलीला गोठ्याच्या बाजूनं झरोका होता.

"मोठ्या मालकानं राकेलचा डबा सोताच्या हातानं काढून दिला," ती म्हणाली. "म्हनले, कोपऱ्यापासून धरा. मंग म्हनले, सुईनीचं घर सोडा, आपल्या पाचवीला आलीय."

ती तशीच उठली. ताटाला हात लावला नाही. पांदीनं धावत वस्तीत पोचली तोवर जाळ उठला होता. आपलं घर सोडून सगळं पेटलेलं तिनं बघितलं.

मी विचारलं, हे वस्तीला का सांगितलं नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तू त्या घरात काय करायलतीस? घर का राहिलं, हे दाराआड कुजबुजून पटत नाही. तिला ते कोर्टात, सगळ्यांसमोर, मालकाच्या तोंडावर बोलायचं होतं. वस्तीतली माणसं त्या दिवशी कोर्टात असतील, ती ऐकतील. तीन वर्षं ती ह्याच एका दिवसावर नजर ठेवून होती. मागितलं तिनं एवढंच.

"पिंजऱ्यात हुबी ऱ्हायल्यावर समद्यायला कळू दे. तवर कुनाला न्हाई. आधी कळलं तर मला तितवर येऊच देनार न्हाईत."

मी सवयीनं हात पुढं केला. ती म्हणाली, हात कशाला, जबान पुरे.

खटला सेशन्स कोर्टात लागणार होता. कोर्टाला वाटलं तर कोणत्याही टप्प्यावर कोणताही साक्षीदार बोलावता येतो, अशी कायद्यात सोय आहे. मी सरकारी वकिलांकडं गेलो. सावध माणूस होता. मला म्हणाला, तुम्ही कायदा शिकवता, मी चालवतो, दोन्हीत परभणी-जिंतूरएवढं अंतर आहे. मी त्याला सोडलं नाही. चार दिवस रोज त्याच्या टेबलासमोर जाऊन बसलो. शेवटी त्यानं कबूल केलं की पंचांची साक्ष झाली की त्याच दिवशी अर्ज देऊ, पण बाई कोर्टाच्या आवारात हजर पाहिजे. बाई नसेल तर अर्ज नाही. मी म्हणालो, मंजूर.

इथवर सगळं रुमालाखाली होतं. ती, मी आणि तिच्याच परवानगीनं भाचा व सरकारी वकील, चौघांशिवाय पाचव्याला वास नव्हता.

त्याच आठवड्यात प्रपाठकाच्या जागेची मुलाखत झाली. जागा माझी होती. बारा वर्षं त्या युरियाच्या वासात मी उभा होतो. जागा दिली बाहेरून आलेल्या एका गृहस्थाला. त्यांचे दोन लेख छापून आले होते आणि दोन्ही मी त्यांना गावं दाखवल्यावर लिहिलेले. आभाराच्या ओळीत माझा उल्लेख 'स्थानिक मार्गदर्शक' असा होता. मुलाखतीत मला विचारलं गेलं, तुमच्या संशोधनात ठोस काय आहे? मी त्यांना सुईण सांगू शकत नव्हतो. गप्प बसलो. असा गप्प मी आयुष्यात बसलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी एक उदाहरण लिहून प्रती काढायला स्टेन्सिल कापलं. साक्षीपुरावा म्हणजे काय असतो ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय माझा संताप उतरणार नव्हता. नावं सगळी काढली. गावाचं नाव काढलं, नदी काढली, जिल्हासुद्धा लिहिला नाही. 'अ' ही सुईण आहे. 'ब' यांच्या घरी बाळाच्या पाचवीच्या दिवशी ती बाळंतिणीला शेक देत असता तिने झरोक्यातून अमुक पाहिले व वाढलेले ताट सोडून निघून गेली. साक्षीदारास लिहितावाचता येत नाही, तारीख सांगता येत नाही. घटनेची तारीख शाबीत करा.

उदाहरण अप्रतिम होतं, आजही म्हणतो. ज्या बाईला कॅलेंडर वाचता येत नाही ती पाचवीवरून दिवस सांगते. बाळाचा जन्म ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात असतो, त्यात चार दिवस मिळवा, तारीख हातात. उलटतपासणीत कुठलाही वकील ती हलवू शकत नाही. मला त्या पाचवीचाच अभिमान होता. म्हणून सगळं काढलं आणि पाचवी ठेवली.

तास चांगला झाला. पोरं भांडली, कलमं काढली. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागं राहिला. गोदाकाठच्या तालुक्यातला, सभ्य, इस्त्रीच्या कपड्यातला, कधी आवाज न चढवणारा. कागदाची घडी खिशात घालत त्यानं विचारलं, "सर, ही बाई खरी का?"

मी म्हणालो, काल्पनिक.

"तेच म्हटलं. एक दुरुस्ती करा, सर. पाचवीचं ताट सोडून सुईण जात नाही. गेली, तर ते सगळ्या घराच्या ध्यानात राहतं."

तो नमस्कार करून गेला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं होतं आणि तिथं भाव स्पष्ट दिसत होता. जिना उतरून मी थेट कार्यालयात गेलो आणि त्याचा प्रवेशअर्ज काढायला लावला. गाव निराळं, आडनाव निराळं, तालुका निराळा. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भाच्याला येलदरीला निरोप पाठवून, कारण न सांगता, एवढंच विचारलं की मोठ्या घरच्या धाकट्या सुनेचं माहेर कुठलं. उत्तर आलं, ते त्या विद्यार्थ्याचं गाव होतं, माहेरचं आडनावही त्याचंच. पाचवीच्या बाळाचा तो मामा. निरोप्यानं आपणहून सांगितलं, जळिताच्या वेळी तिचा भाऊ तिथंच होता, बहिणीला बघायला आलेला, जाळपोळीमुळं परत जाता आलं नाही म्हणून तिथंच राहिलेला. म्हणजे त्या दिवशी तोही त्याच घरात होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, कागदात चूक आहे, परत द्या. एकतीस आले. तो म्हणाला, "माझा हरवला, सर." मी एकतीस कागद बारीक फाडले. इतके बारीक की शिपाई मला विचारू लागला, सर, एवढं काय होतं त्यात.

मग काहीच झालं नाही. मी मारहाणीची बातमी येईल म्हणून वाट बघत होतो. धमकीची, बहिष्काराची. तसं झालं असतं तर मला कलमं ठाऊक होती. त्याऐवजी भाच्याकडून वेगळ्याच बातम्या येऊ लागल्या. पावसाळ्यात आत्याच्या दारापुढं चिखल व्हायचा, तिथं मोठ्या घरच्या बैलगाडीनं मुरूम आणून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मोठ्या घरचा गडी येऊन तिच्या छपराचे फुटके पत्रे बदलून गेला. मग वायरमन आला आणि वस्तीत पहिला दिवा तिच्या घरात लागला. एकोणीस घरं जुनेपाने पत्रे आणि तुराट्या लावून कशीबशी उभी राहिली होती. त्यांच्यासमोर ते विसावं घर रोज थोडं थोडं चांगलं होत चाललं. तिनं दिवा काढून न्यायला सांगितलं. वायरमन म्हणाला, आजी, मला लावायचा हुकूम आहे, काढायचा नाही.

"मालकायला आत्याची लय काळजी वाटायलीय," भाचा म्हणाला. तो हसत नव्हता. "सर, कुठून तरी कळलंय त्यांना."

मी म्हणालो, योगायोग असेल.

तो विद्यार्थी त्या काळात एकही तास बुडवत नसे. पहिल्या बाकावर बसे. प्रश्न विचारला की उभा राहून नेमकं उत्तर देई.

तारीख आली. ठरलं असं होतं की भाचा आदल्या दिवशी गावी जाईल आणि पहिल्या एसटीनं आत्याला घेऊन येईल. मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभा होतो. वस्तीतली माणसं आली होती, बायका फडकी पसरून सावलीला बसल्या होत्या. मोठे मालक आणि बाकी आरोपी जीपमधून उतरले. अकराला पुकारा झाला. साडेअकराच्या गाडीनं भाचा आला. एकटा.

मोठ्या घरच्या थोरल्या सुनेला पहाटे कळा लागल्या होत्या. बोलावणं आलं. तो म्हणाला, मी दारात आडवा उभा राहिलो, सर, ती हाताखालून निघून गेली.

सरकारी वकिलांना मी उद्यावर ढकला म्हणून सांगितलं, तो हो-नाही करत होता, तेवढ्यात मी आणि भाचा स्टँडवर पोचलोही होतो. दुपारी गावात उतरलो. भाचा वेशीपाशी थांबला, त्या घरात तो पाय ठेवणार नव्हता. मी एकटा गेलो. घरात पुरुष कुणी नव्हता, सगळे परभणीला कोर्टात. दार सताड उघडं होतं. ओसरीवर म्हातारी मालकीण जपमाळ घेऊन बसली होती. मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, या सर, बसा, आमच्या धाकट्या सुनेचा भाऊ तुमच्याकडंच शिकतो की. मग आत बघून तिनं चहा टाकायला सांगितला.

सुईण मागच्या पडवीत आली. कोपरापर्यंत हात ओले, पदर कमरेला खोचलेला.

मी म्हणालो, चला. अजून वेळ आहे. उद्या सकाळी उभं राहता येईल.

"मुलगा झाला," ती म्हणाली. "रगत थांबंना. पोरगी पांढरीफटक पडलीय."

मी म्हणालो, दवाखान्यात न्या. ती म्हणाली, कशात? जीप तुमच्या कोर्टात उभी हाय.

माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तीन वर्षं कुत्र्यासारखं वागवलं वस्तीनं तुम्हाला, म्हणालो, आणि आज तोंड उघडायचा दिवस, तर तुम्ही त्यांच्याच घरची उष्टी काढायला आलात. तुम्हाला इथं डांबून ठेवलंय, हे कळतंय का? त्याला कायद्यात कलम आहे.

तिनं उघड्या दाराकडं हात केला.

"डांबलंय कुठं, भाऊ? दार उघडंच हाय की. हिला लेकरू मागं टाकून मरू दे, असं एकदा म्हन. मी आत्ता येते."

मी म्हणालो नाही. मला म्हणता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर क्षणभर म्हणावंसं वाटलं होतं.

ती आत गेली. ओसरीवर माझा चहा झाकून ठेवला होता. मी चप्पल घालत होतो तेव्हा मालकीण जपमाळ न थांबवता म्हणाली, "सुईन आता पाचवीपोतर हितंच ऱ्हाईल. गेल्या बारीला न जेवताच गेली बिचारी. ह्या बारीला जेवूनच धाडू. तुमी बी या, सर, पाचवीला."

मी वेशीपर्यंत कसा आलो ते आठवत नाही. मागं वळून बघितलं तेव्हा ते उघडं दार तसंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलानं मला विचारलं, सुईण बाळंतपणाला गेली म्हणून तारीख मागू? कोर्ट मला काय म्हणेल? मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली, त्याची दौत सांडली. तिसऱ्या दिवशी त्यानं साक्षीपुरावा संपल्याची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टाला दिली. वस्तीतल्या साक्षीदारांनी जाळ बघितला होता, लावणारा हात कुणी बघितला नव्हता. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले.

बाळंतीण जगली. सहाव्या दिवशी सुईण हिरवं लुगडं घेऊन वस्तीत परत आली. लुगडं नाकारायची रीत नाही, बाळाला लागतं म्हणतात. पण तारीख कधी होती ते वस्तीला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी ती कुठं होती तेही. कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून वस्तीतली एकही बाळंतीण तिला बोलावत नाही. आता ती फक्त गावातल्यांची सुईण. जे मोठ्या मालकांनी राकेलचा डबा देताना, सुईणीचं घर सोडा, ह्या एका वाक्यात केलं होतं, ते तीन वर्षांनी पुरं झालं.

निकालानंतर आठवड्यानं तो विद्यार्थी मला व्हरांड्यात भेटला. त्यानं स्वतःहून विषय काढला. म्हणाला, "सर, मी कुणाला काही बोललो नाही. कागद फक्त ताईला वाचून दाखवला. तिच्या बाळाची पाचवी होती ना."

"आणि तू? तू त्या दिवशी तिथंच होतास."

"होतो," तो म्हणाला. "ती बाई खरं बोलते, सर. झरोका आहे तिथं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. दोनदा. व्हरांड्यात पंधरावीस पोरं होती.

चौकशी बसली. समितीनं विचारलं, कारण काय? कारण सांगायचं म्हणजे कागद सांगायचा आणि कागद सांगायचा म्हणजे ती चूक. मी म्हणालो, उद्धट बोलला. त्यानं सांगितलं, मी काहीच उद्धट बोललो नाही, आणि ते खरं होतं. माझी वेतनवाढ थांबली, पुढं दोनदा जागा निघाली, दोन्ही वेळा ती थोबाडीत माझ्या आधी मुलाखतीला पोचली. ह्या खटल्यांवर लिहिलेला माझा प्रबंधही परत आला. शेरा होता, मुख्य साक्षीदार अनामिक, विधान पडताळता येत नाही. तो विद्यार्थी साक्षीपुराव्यात पहिला आला. आज तो वकिली करतो, चांगली चालते म्हणतात. ह्या सगळ्याचा राग मी तेरा वर्षं जपला. समितीचा, त्या गृहस्थांचा, सरकारी वकिलाचा. रागाचं एक बरं असतं, त्याच्या आड बसलं की स्वतःचं तोंड दिसत नाही.

या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. सोळा वर्षं लागली. दोनचार दिवसांनी भाचा पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, आत्या आठवण काढते, डोळ्यांनी कमी दिसतं आता तिला.

गेलो. तिच्या दारापुढचा मुरूम दबून रस्त्यासारखा घट्ट झाला होता. वस्तीत आता दहाबारा पक्की घरं, निळे झेंडे, समाजमंदिर. तिच्या दारात मात्र कुणी बसलेलं नव्हतं. मी म्हणालो, मावशी, मला हे सगळं लिहायचंय. तिनं विचारलं, काय देशील? मी म्हणालो, तुम्ही सांगाल ते. तिनं पुन्हा अटी घातल्या. नाव नको. गावाचं नको. त्या दोन्ही लेकरांचं नको, लेकरांनी काय केलंय.

मी विचारलं, पाचवी काढू का?

"पाचवी काढलीस तर मंग ऱ्हायलं काय? ठिव. सुईनीचं घर सोडा म्हनले, ते बी ठिव. वस्तीतल्या लेकरायला वाचता येतंय आता. नावाबिगर बी वळखतील." मग म्हणाली, "आन छापून आलं की भाच्यानं मला वाचून दाखवायचं. दारात बसून, मोठ्यानं."

भाचा बाहेर अंगणात पाणी शेंदत होता. तिनं आवाज खाली आणला.

"एक इचारते. तू, मी, ह्यो आन सरकारी वकील. चौघंच व्हतो. मंग त्यायला कळलं कसं? मला ह्याच्यावरच वहीम हाय, भाऊ. कुटंतरी बोलून गेला आसंल. भावाचं लेकरू, कसं इचारू. पर तवापसून त्याच्यासमोर मन उघडत न्हाई."

तेव्हा सांगायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो, दार उघडं होतं. मी म्हणालो, सरकारी कचेरीत कागद फुटतात, मावशी, कुणाचा नेम असतो. तिनं मान हलवली. भाच्यानं तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. तिच्यापुढं ठेवला नाही, तिनंही मागितला नाही. ते दोघं असं किती वर्षं वागतायत ते मला त्या वेळी दिसलं.

म्हणून कागदांची गोष्ट मी पहिल्याच ओळीत घातली आहे. तो दारात बसून मोठ्यानं वाचायला लागेल, तेव्हा ती ओळ आधी येईल. पुढचं ती दोघं ऐकतील की तिथंच कागद मिटतील, मला माहीत नाही. छापखान्यातून निरोप आलाय, पुढच्या आठवड्यात अंक तयार होतो आहे. भाच्यानं विचारलंय, सर, तुम्ही येणार ना त्या दिवशी? मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.